ज्वारी रानात, गहू-तांदूळ ताटात; पिशवीत मात्र बिस्किटाचे पुडे

आठवडी बाजारातून परतणाऱ्या पिशव्या बघितल्या की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. तळाला कांदे-बटाटे अन् वर पोरांसाठी पाच-दहा रुपयांच्या पुड्यांची माळ. ज्या भागात मालदांडी ज्वारी पिकते, ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथंही चित्र फारसं वेगळं नाही.

याचा दोष नुसता बाईमाणसाच्या किंवा पोरांच्या जिभेला देऊन चालणार नाही. हिशेब सरळ आहे. १ जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य फुकट झालं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. त्यात मुख्यतः गहू आणि तांदूळ. काही जिल्ह्यांत ज्वारीही वाटली गेली, पण भरवसा गहू-तांदळाचाच. २०२५-२६ साठी मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये आहे, म्हणजे किलोला साडेसदतीस. घरात फुकटचा गहू पडलेला असताना विकत ज्वारी कोण आणणार?

आणि पिकवणाऱ्यानंही ज्वारी सोडली. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये (तो हातात पडतो का, हा वेगळा विषय). ज्वारीची काढणी हातानं, मजूर मिळत नाही, पाखरं राखावी लागतात. जनावरं कमी झाली तशी कडब्याची ओढही गेली. वर भाकरी थापायला वेळ लागतो, तोही बाईचाच.

किंमत मात्र अंगावर निघते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या पोरांत तर हे प्रमाण ६९ टक्के. दर तीन पोरांमागे एकाची उंची वयाच्या मानानं खुरटलेली. रक्त कमी होण्याला कारणं बरीच आहेत, जंतही आहेत, पण ताटातलं लोह हे त्यातलं मोठं कारण.

इथं बाजरी कामाची. पॉलिश तांदळापेक्षा तिच्यात लोह कितीतरी पट. ‘धनशक्ती’ हे वाण तर जास्त लोहासाठीच काढलंय. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तांदळात दहाच्या घरात. पण बाजरीची भाकरी खाल्ली अन् लगेच वर चहा घेतला, तर त्यातलं बरंचसं लोह अंगी लागत नाही. चहा तासभर मागं ठेवावा, ताटात लिंबाची फोड घ्यावी. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, म्हणून गिरणीत आठवड्यापुरतंच दळून आणलेलं बरं.

आता पुड्याचा हिशेब. रोज दहा रुपये म्हणजे एका पोरामागे महिन्याला तीनशे. हमीभावानं धरलं तर आठ किलो ज्वारी झाली. दुकानात भाव चढा असला तरी पाच किलो कुठं जात नाही. शेंगदाणे, फुटाणे, गूळ, अंडी हेही याच पैशात बसतं. शेंगदाण्यात पाव हिस्सा प्रथिनं असतात, अन् ते गावातच मिळतात.

पुडा घ्यायचाच झाला तर उलटा करून वाचावा. साहित्याची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची, असा नियमच आहे. पहिलं नाव मैद्याचं आणि त्याच्या मागोमाग साखर, पामतेल असेल, तर पुढं ‘नाचणी’ किंवा ‘मल्टीग्रेन’ कितीही मोठ्या अक्षरात लिहू दे. नाचणीचे टक्के मागं बारीक अक्षरात दिलेले असतात. ते बघितले की कळतं. डाळ घेतानाही चकचकीत पॉलिशची नको, जरा मळकट दिसणारी चालेल. सालीची मिळाली तर उत्तम.

सरकारचं धोरण मात्र धरसोडीचं. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून गाजलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्याला केळी, असं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबला; द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं गेलं. ज्या गावात लोकवर्गणी जमते तिथल्या पोरांना अंडं मिळेल. जिथं जमत नाही, तिथंच त्याची गरज जास्त आहे, आणि हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत पालकांनीच काढायला हवा.