चौक आणि चौकट

मराठी नाटकाचा अभ्यास करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या गावी नाट्यगृह नाही. नोकरी, शेती, संसार यांच्या धबडग्यातून वेळ काढून शिकणाऱ्याला प्रयोग पाहण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे नेहमीच जमते असे नाही. मग संहिता पुस्तकात वाचायची आणि प्रयोग दूरचित्रवाणीवर पाहायचा, एवढाच मार्ग उरतो. म्हणूनच दूरचित्रवाणी कलांचे दर्शन कसे घडवते, हा प्रश्न आपल्या दृष्टीने निव्वळ करमणुकीचा नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘गजरा’ यांसारख्या कार्यक्रमांमुळे साहित्यिक आणि रंगकर्मी घराघरांत पोहोचले. त्या काळाविषयी हळवेपणाने बोलण्याची आपल्याकडे प्रथाच पडली आहे. मला तो हळवेपणा फारसा उपयोगाचा वाटत नाही. एकच वाहिनी असताना प्रेक्षकाला निवड नव्हती, हेही खरे आहे. परंतु कलावंताला बोलण्यास पुरेसा अवकाश द्यावा, ही जाणीव त्या कार्यक्रमांत होती, एवढे मात्र मान्य केले पाहिजे.

त्याच वर्षी, १६ डिसेंबरला, पुण्यात विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि भास्कर चंदावरकर यांचे संगीत लाभलेल्या या नाटकात ब्राह्मणांची एक रांग आहे. ती गाते, डुलते आणि पाहता पाहता पाठ फिरवून भिंत होते. भिंतीच्या पुढे भजन आणि मागे भलतेच काही, हे दोन्ही प्रेक्षकाला एकाच वेळी जाणवत राहते. नाटकाचा अर्थ त्या एकाच वेळी जाणवण्यात आहे. आता कॅमेरा नानांच्या चेहऱ्यावर नेऊन ठेवला, की भिंत दृष्टीआड होते. नाट्यगृहात कोठे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो, पडद्यावर ते दुसराच कोणी ठरवून ठेवतो. नाटकाचे चित्रीकरण पाहून ‘मी ते नाटक पाहिले’ असे म्हणताना आपण थोडे अडखळावे, ते यासाठी.

यावरून कॅमेरा हा रंगकलेचा शत्रूच आहे, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. बैठकीची लावणी घ्या. गायिका बसून गाते. एकाच ओळीवर ती पुनःपुन्हा परत येते आणि प्रत्येक वेळी भुवई, नजर, बोटांची हालचाल निराळा भाव सांगून जाते. यमुनाबाई वाईकर यांची कीर्ती अशा अदाकारीसाठी होती. मोठ्या सभागृहात मागच्या रांगेतल्या रसिकाला जे दिसणार नाही, ते कॅमेरा सहज दाखवू शकतो. येथे अडचण यंत्राची नसून वेळेची आहे. स्पर्धांच्या कार्यक्रमांत लावणी काही मिनिटांत आटोपावी लागते, म्हणून घुंगरांच्या वेगाला महत्त्व येते आणि बसून रंगवायची लावणी बादच होते. जी कला पडद्याला सर्वाधिक मानवली असती, तिलाच पडद्यावर जागा मिळू नये, हा प्रकार मला चमत्कारिक वाटतो.

वारली चित्रांच्या बाबतीत हानी अधिक खोल आहे. डहाणू-तलासरी भागात लग्नप्रसंगी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. त्यात पालघट देवीची प्रतिष्ठापना होते. धवलेरी लग्नाची गाणी गाते आणि तिच्या गाण्यांविना तो विधी पुरा होत नाही. एकोणीसशे सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर उतरून शहरांत पोहोचली. जिव्या सोमा मशे यांना जगभर मान मिळाला, २०११ मध्ये पद्मश्रीही मिळाली. तो मान यथार्थच होता. पण दूरचित्रवाणीवर वारली चित्रांचा कार्यक्रम लागतो, तेव्हा त्रिकोणी माणसे, तारप्याभोवतीचा फेर आणि पार्श्वभूमीला कुठलीतरी बासरी एवढेच सहसा वाट्याला येते. चौक लिहिणाऱ्या स्त्रिया दिसत नाहीत, धवलेरीचा आवाज ऐकू येत नाही. निवेदक प्रमाण मराठीत सर्व समजावून देतो आणि ज्यांची कला आहे त्यांना त्यांच्या बोलीत दोन वाक्येही बोलू दिली जात नाहीत. नक्षी उरते, विधी जातो. हे चित्र म्हणजे साडीच्या काठावरची किंवा चहाच्या कपावरची शोभा, असे मानणारी एक पिढी तयार झाली असेल, तर तिला एकटीला दोष कसा द्यावा?

यावर ‘एवढे लांबलचक कोण पाहणार?’ हा आक्षेप ठरलेला आहे. खाजगी वाहिनीला तो शोभतो, कारण तिचा संसार जाहिरातींवर चालतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रसारणाने मात्र आज किती जण पाहतात एवढाच हिशेब करू नये. धवलेरीची गाणी मुखपरंपरेने चालत आली आहेत. लग्नाचा एखादा विधी आरंभापासून अखेरपर्यंत, संबंधितांच्या संमतीने, न कापता चित्रित केला, गाणाऱ्या बायकांची नावे श्रेयनामावलीत घातली आणि ते चित्रीकरण अभ्यासकांना व त्या पाड्यांनाही पाहता येईल असे जतन केले, तर पहिल्या रात्री ते शंभर जणांनीच पाहिले तरी चालेल. त्या पाड्यावरची एखादी मुलगी आणखी वीस वर्षांनी आपल्या आजीचा आवाज शोधत येईल, तेव्हा तो तिला मिळायला हवा.