‘नाही’चा बाण कुठे जातो?

घर बांधायचं ठरलं की गवंडीकाका लगेच विटा रचायला बसतात का? नाही ना! आधी कागदावर नकाशा निघतो. दार कुठं, खिडकी कुठं, मोरी कुठं, सगळं त्यात दिसतं. बांधलेली भिंत पाडण्यापेक्षा कागदावरची रेघ खोडणं सोपं, बरं का!

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारेही असाच नकाशा काढतात. त्यातल्या एका प्रकाराला म्हणतात फ्लोचार्ट, म्हणजेच प्रवाह-आकृती. तिच्या खुणा अगदी सोप्या. गोलसर टोकांची चौकट म्हणजे सुरुवात किंवा शेवट. साधा आयत म्हणजे एखादी कृती. आणि शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट म्हणजे प्रश्न! शंकरपाळ्यातून दोन बाण निघतात, एक ‘हो’चा आणि एक ‘नाही’चा.

आता बँकेचं एटीएम घ्या. त्याचं काम शब्दांत सांगू या. पिन तपासा, खात्यात पैसे आहेत का पाहा, रक्कम वजा करा, नोटा बाहेर द्या. झालं की! पण थांबा. हेच आकृतीत मांडा पाहू. पिन बरोबर आहे का? हा एक शंकरपाळा. पुरेसे पैसे आहेत का? हा दुसरा. आणि नोटा खरोखर बाहेर आल्या का? अरेच्चा, हा तिसरा तर आपण विसरलोच होतो! नोटा आतच अडकल्या, तर खात्यातून पैसे गेले आणि हातात काहीच नाही. औषधासाठी पैसे काढायला आलेल्या आजोबांनी काय करायचं? म्हणून इथला ‘नाही’चा बाण ‘रक्कम परत जमा करा’ या चौकटीकडे जायलाच हवा.

असे प्रसंग खरोखर घडतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०१९ साली नियम केला. अशी रक्कम बँकेने व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत परत द्यायची. उशीर झाला, तर रोजचे १०० रुपये भरपाई!

आकृत्यांची ही युक्ती जुनी आहे. १८४३ साली एडा लव्हलेस यांनी चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित यंत्रासाठी गणिताच्या पायऱ्या एका मोठ्या तक्त्यात मांडल्या होत्या. १९४७ साली हर्मन गोल्डस्टाईन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकाची कामं बाणांच्या आकृत्यांनी समजावली. पुढे १९९७ साली ‘यूएमएल’ ही खुणांची भाषा प्रमाण ठरली. त्यामुळे पुण्यात काढलेली आकृती जपानमधल्या माणसालाही वाचता येते. प्रोग्रॅम लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेला, तरी त्याच्या जागी आलेल्याला कामाची वाट सापडते.

मात्र एक पथ्य पाळायचं. प्रोग्रॅम बदलला की आकृतीही बदलायची. नाहीतर जुनं वेळापत्रक पाहून एसटी गाठायला निघालेल्या प्रवाशासारखी फजिती व्हायची! शिवाय बारीकसारीक सगळंच आकृतीत कोंबायचं नाही. मग ती कुणालाच कळत नाही.

आता तुमचं काम. शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक नेऊन परत करेपर्यंतची आकृती काढा. आई-बाबांनाही सोबत बसवा. पुस्तक हरवलं तर? फाटलं तर? प्रत्येक शंकरपाळ्यावर बोट ठेवून तपासा. एखादा ‘नाही’चा बाण अधांतरी लोंबकळत तर नाही ना?