पुठ्ठ्याची नळी आणि मुलांचे हात

आपल्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुले पुठ्ठ्याच्या नळ्यांपासून वस्तू बनवतात. कापडाच्या थानातली लांब नळी, सुताचा रिकामा कोन, चिकटपट्टी संपल्यावर उरणारे कडे, असे बरेच काही त्यासाठी जमवले जाते. स्नेहसंमेलनातील प्रदर्शनात या वस्तूंचे कौतुक होते. परंतु त्याच प्रदर्शनात काही पालकांनी एक प्रश्नही विचारला आहे : आमच्या कित्येक पिढ्या दुसऱ्यांनी टाकलेल्यावर जगल्या, मुलाला वसतिगृहात ठेवले ते त्यातून त्याने बाहेर पडावे म्हणून, मग त्याच्या हाती पुन्हा टाकलेलेच का?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर देणे आम्हांस कर्तव्य वाटते.

१९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडून देण्याचे आवाहन केले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते ऐकले, आणि त्यासाठी गावाचा रोषही पत्करला. ज्या समाजाने असा निश्चय केला, त्याच्या कानाला ‘टाकाऊपासून टिकाऊ’ ही घोषणा निरागस वाटत नाही, यात नवल नाही. त्यात आपली शाळा निवासी. कुणाच्या वाढदिवसानिमित्त जुने कपडे येतात, अर्ध्या लिहिलेल्या वह्या येतात, आणि मुलांनी रांगेत उभे राहून आभार मानावेत अशी अपेक्षाही त्यांच्याबरोबर येते. शहरातील मुलांना रंगपेटी आणि आमच्या मुलांना रद्दी, असा जर या तासाचा अर्थ असेल, तर त्याला पहिला विरोध आम्ही करू.

तरीही हा तास चालू राहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण मिळालेली जुनी वस्तू आणि हाताने घडवलेली वस्तू यांत मूलभूत अंतर आहे. जुना सदरा दुसऱ्याच्या मापाचा असतो. मुलाने त्यात फक्त मावायचे असते. पुठ्ठ्याची नळी अजून कुणाच्याच मापाची झालेली नसते. तिची दुर्बीण करायची की बाहुली, हे मुलाने ठरवायचे असते. ठरवण्याचा हा अधिकारच शिक्षणाचा गाभा होय.

शिवाय ही नळी चांगली शिक्षिका आहे. नीट पाहिले तर तिच्यावर तिरकी जोडरेषा दिसते, कारण कागदाच्या पट्ट्या तिरप्या गुंडाळून ती तयार होते. पातळ नळी त्या रेषेवर उकलली की समांतरभुज चौकोन हाती येतो. सरळ उभी कापली तर आयत मिळतो. दोन्हींचे क्षेत्रफळ सारखेच. त्या आयताची एक बाजू म्हणजे नळीचा परीघ; तिला व्यासाने भागले की ३.१४ च्या जवळपास उत्तर येते. वृत्तचितीच्या वक्रपृष्ठफळाचे सूत्र ज्या मुलाने असे कात्रीने कापून पाहिले, त्याला ते घोकावे लागत नाही. चार नळ्या उभ्या ठेवून वर पाटी ठेवली तर त्या वह्यांची थप्पी पेलतात. त्याच नळ्या आडव्या ठेवल्या तर चेपतात. खांब उभे का असतात, हे मग सांगावे लागत नाही. आरशाच्या तीन पट्ट्या आत बसवल्या की शोभादर्शक होतो, आणि परावर्तनाचा धडा मुले एकमेकांच्या हातून ओढून घेऊन शिकतात.

कार्ल्याच्या चैत्यगृहाची प्रतिकृती करायला घेतली, तर आणखी पुढचे प्रश्न उभे राहतात. मध्यदालनाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब आहेत. म्हणजे एकाच उंचीच्या तीस नळ्या हव्यात. पण ते खांब अष्टकोनी आहेत आणि नळी तर गोल. मग नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळायची, परिघाएवढी कापायची आणि तीनदा दुमडायची; आठ समान भाग मिळतात. त्या खुणांवर नळीला घड्या पाडल्या की खांब तयार. ज्याने हे केले, तो सहलीला कार्ल्याला गेला की नुसते फोटो काढून परतणार नाही. हातात छिन्नी घेऊन इतका कठीण खडक मापात कोरणाऱ्या माणसांविषयी त्याच्या मनात आदर निर्माण होईल.

टाकून दिलेल्या वस्तूंतून विज्ञान शिकवता येते, हे महाराष्ट्राला नवे नाही. पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे हेच काम केले. खेळणे महाग असले की मूल ते मोडायला भिते, आणि मोडायला भिणारे मूल प्रयोग करत नाही. याउलट बाजारात आज तयार ‘प्रकल्प’ विकत मिळतात. पालक ते आणतात, मूल त्यावर नाव घालते, शाळा गुण देते. त्या व्यवहारात मुलाच्या हाताला काही काम उरत नाही. आम्हांस कमीपणा वाटायचा असेल, तर तो अशा प्रकल्पांचा वाटावा.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक कथा आहे. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजा उदेनाने स्थविर आनंदांना विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना ती वाटू, असे ते म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. पुढे गादीची खोळ, जमिनीवरचे अंथरूण, पायपुसणे, झाडण्याचे फडके. आणि शेवटी तुकडे करून चिखलात कालवून त्याने जमीन सारवू. या कथेतला क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येकाला आधी धड चीवर मिळते. काटकसर त्यानंतर येते. गरजूला चिंधी देऊन तिला काटकसर म्हणणे वेगळे, आणि स्वतःच्या वस्तूचा शेवटपर्यंत उपयोग करणे वेगळे.

म्हणूनच या तासाला आमच्या काही अटी आहेत. नळ्या कोरड्या व स्वच्छ हव्यात. रुग्णालयातील किंवा शौचालयातील नकोत. जाड नळी करवतीने मोठ्यांनीच कापावी. कात्री, रंग, आरसे व डिंक नवे आणि पुरेसे असावेत. परीक्षा जवळ आली म्हणून हा तास गणिताला देऊ नये. तोही गणिताचाच तास आहे. आणि प्रदर्शनात प्रत्येक वस्तूवर ती करणाऱ्या मुलाचे नाव ठळक असावे, देणगीदाराचे नव्हे.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज कापड दुकानांत, छापखान्यांत, यंत्रमागांवर काम करतात. काहींची स्वतःची दुकानेही आहेत. त्यांनी नळ्या अवश्य पाठवाव्यात. परंतु शक्य झाल्यास त्या घेऊन स्वतः यावे, मुलांच्या ओळीत बसून एखादी वस्तू करावी, आणि आपला धंदा कसा चालतो ते सांगावे. ज्या पालकांनी तो प्रश्न विचारला, त्यांनाही आमचे हेच निमंत्रण आहे. त्यांनी एक तास वर्गात बसून पाहावे. आपले मूल दुसऱ्याचे टाकलेले उचलते आहे की स्वतःच्या मनातले काही उभे करते आहे, याचा निर्णय त्यांनीच द्यावा. तो आम्हांस मान्य असेल.