चारशे शब्दांची शाळा
बिदरजवळच्या जनवाड्याच्या मुलखात, जिथे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि जुन्या दस्तऐवजांत उर्दू असा व्यवहार रयतेच्या अंगवळणी पडून गेला आहे, तिथे १९०७ साली कलबुर्ग्यास निघालेल्या नूतन विद्यालयाचे, आणि त्याच वर्षी केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींनी हैदराबादेत स्थापिलेल्या विवेकवर्धिनीचे स्मरण झाले म्हणजे मनात येते की, निजामी अंमलात, दरबारच्या मेहेरनजरेची वाट न पाहता, स्वभाषेतील शिक्षणाचा भार अंगावर घेणारी ती माणसे मुलांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी एक आसराच उभारीत होती. १९५६ च्या प्रांतरचनेत उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले, बिदर, भालकी, औराद म्हैसूरकडे आले, आणि प्रश्न पालटला: स्वभाषा जपण्यासोबत आता राज्याच्या कन्नडशी जुळवून घेणेही आले. अशाच पेचात, अमेरिकेच्या टेक्सास प्रांतात मेक्सिकन वंशाच्या नागरिकांनी १९२९ साली कॉर्पस क्रिस्टी येथे स्थापिलेल्या ‘लुलॅक’ या सेवासंघाने १९५७ पासून, शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच स्पॅनिशभाषक बालकांस चारशे इंग्रजी शब्द शिकविणाऱ्या चिमुकल्या शाळा चालविल्या. ही युक्ती, खरे सांगायचे तर, आमच्याकडील सभा-ठरावांहून मला अधिक व्यवहारी वाटते. सीमाभागातील मंडळांनी उत्सवाच्या वर्गणीतून एवढा खर्च काढावा, आणि पहिलीत जाण्यापूर्वी मराठी पोरांस चारशे कन्नड शब्द शिकवावेत, एवढीच विनंती.