विणकराने ‘हळूहळू’ काम कसे करावे?

कोरोनातून उठलेल्या रुग्णांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 13 सप्टेंबर 2020 रोजी सूचना काढल्या: योगासने, प्राणायाम, झेपेल तेवढे चालणे, च्यवनप्राश आणि नेहमीचे काम हळूहळू सुरू करणे. हा शेवटचा उपदेश वाराणसीतील मदनपुऱ्याच्या विणकराने पाळावा कसा? सूत देऊन साडी नेणारा गिरस्ता मजुरी देतो ती नगावर. माग थांबला की चूल थांबते.

व्यायामाने दुबळे हृदय व फुप्फुसे सावरतात, याबद्दल वाद नाही. परंतु तो व्यायाम म्हणजे घाटावरील सामुदायिक आसने नव्हेत! (छायाचित्रे मात्र त्यांचीच निघतात.) रुग्णाला सहा मिनिटे चालवून अंतर, नाडी व रक्तातील प्राणवायू मोजायचा, त्यावरून व्यायामाची मात्रा ठरवून ती बेताने वाढवायची, श्रमानंतर ज्याचा थकवा बळावतो त्याला वेळीच थांबवायचे. त्यासाठी फिजिओथेरपिस्ट हवा आणि विश्रांतीच्या दिवसांचे वेतनही हवे. 1948 च्या राज्य विमा कायद्याखाली कारखान्यातील विमाधारक कामगाराला आजारपणात भत्ता मिळू लागला. घरात बसून दिवसभर पायांनी माग चालवणारा विणकर मात्र त्याबाहेरच राहिला.

तेव्हा प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पुनर्वसन विभाग आणि घरबसल्या विणकरांना सरकारी आजारभत्ता, या दोन्ही मागण्या शाखांनी एकत्रच मांडल्या पाहिजेत.