घट आणि शिवार

घटाभोवती शिवारातील काळी माती पसरून धान्य पेरणाऱ्या आपल्या घरांना भूमीचे देवपण सांगावे लागत नाही. ख्रिस्ती शेतकरीही सुगीचा पहिला वाटा चर्चमध्ये अर्पण करतो.

मिरजेचे, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेले रुग्णालय सर्वांस ठाऊक आहे. त्याच अमेरिकन मिशनची सांगलीची शेती-उद्योगशाळा मात्र विस्मृतीत गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, जॉन गोहीन तिचे प्रमुख असता, तिने ‘फिरती शाळा’ काढली. शिक्षकच खेड्यांत जाऊन शेतकऱ्यांस शिकवू लागले. मिशन धर्मप्रसारासाठी आले होते, हे खरेच, आणि त्याविषयीचा संशय आम्ही समजू शकतो. परंतु विद्या बांधापर्यंत नेण्याची ती रीत घेण्याजोगी आहे. सातारा-सांगलीकडे देवस्थानांच्या इनाम जमिनी आहेत. तेथे गावच्या मुलांसाठी शेतीशाळा का नसावी?