दुर्गंधी दडवायची की काढायची?

कोरेगावच्या बाजारपेठेत रूम फ्रेशनरचा डबा आज किराणा दुकानातही मिळतो. गुलाब, चंदन, मोगरा, हवा तो वास घ्या. बैठकीत गालिचा आला, तशी त्यावर भुरभुरायची सुवासिक पावडरही काही घरांत आली. ज्यांना पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर, घाणीच्या शेजारी राहायला भाग पाडले, त्यांचे घर सुवासिक असावे यात गैर काय? काहीच नाही. या ओढीची टिंगल करणाऱ्यांत आम्ही नाही. आमचे म्हणणे एवढेच की हे डबे घाण काढत नाहीत, ते नाकाला गप्प करतात.

आणि नाक मोलाचे आहे. १९०१ साली बाल भीमराव व सोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने वडिलांकडे निघाली. (खटाव तालुक्यातले ते कोरेगाव, आजचे कोरेगाव शहर नव्हे.) वाटेत तहानलेली मुले पाण्यासाठी एका डबक्याकडे वळली. गुरांच्या शेणामुताने भरलेले ते पाणी दुर्गंधीमुळे त्यांना पिता आले नाही, असे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवले आहे. त्या डबक्यात कोणी अत्तर ओतले असते तर?

आज आपण स्वतःच्या घरात तेच करतो. फवारा मारला तरी भिंतीची ओल, गालिच्याखालची बुरशी, तुंबलेली मोरी जागेवरच राहते. वर नवी रसायने येतात. लिंबाच्या वासातले लिमोनिन हवेतील ओझोनला भिडले की फॉर्माल्डिहाइड तयार होते. एका खोलीच्या बिऱ्हाडात दम्याचा रुग्ण असेल तर विचारूच नका. काही टॉयलेट फ्रेशनरच्या गोळ्यांत पॅराडायक्लोरोबेंझीन असते. युरोपीय संघाने शौचालयांच्या व हवेच्या सुगंधकांतून ते २०१५ पासून हद्दपार केले आहे. घरमालक अशा ठिकाणी पाच मिनिटे थांबतो, सफाई कामगार दिवसभर. तो कामगार बहुधा कोणत्या समाजाचा असतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापणे सक्तीचे आहे. फ्रेशनरचे काय? वेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम उत्पादकाचे नाव, वजन, किंमत मागतात. आतले घटक मागत नाहीत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा मालाचा दर्जा आणि शुद्धता जाणून घेण्याचा हक्क देतो. मग श्वासातून शरीरात जाणाऱ्या वस्तूला ही सूट कशासाठी? सरकारने या डब्यांवर घटकांची यादी सक्तीची करावी, ही आमची मागणी आहे.

घरापुरते बोलायचे तर गालिचा उन्हात झटकावा, खाण्याचा सोडा भुरभुरून झाडून काढावा. त्या महागड्या पावडरीतही बहुधा हाच सोडा असतो, वर वास. सार्वजनिक मुतारीचा इलाज मात्र घरी होणार नाही. तिथे पाणी आहे का, खिडकी आहे का, की नुसत्या गोळ्या टाकल्या आहेत, हे पाहून नगरपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नये.